रुमालाखालची निवड

महाळुंग्यात मी स्वतःच्या हिमतीवर फिजिओथेरपीचं क्लिनिक उभं केलं, तरी माझा डॉक्टर मित्र मला ‘दुकानदार’च म्हणायचा. तो सल मनात ठेवूनच मी त्याच्यासोबत पिंपरीतल्या संशोधनाच्या वर्गात बसलो. कंबरपट्ट्याने कामगारांची पाठदुखी कमी होते का, यावरच्या जगभरातल्या अभ्यासांतून भरवशाचे तेवढे आम्हाला निवडायचे होते. नियम असा, की दोघांनी वेगवेगळं वाचून निवड करायची आणि मगच ताडून पाहायची.

मित्र म्हणाला, “सोड ना राव, एकत्रच ठरवू. वेळ वाचेल.”

मी भडकलो. “चाकणच्या बैलबाजारात माझे वडील रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचे, शेजारच्याला कळू नये म्हणून. तुझी निवड आधीच ऐकली, तर माझं मत माझं कसं राहील?”

तो आपले कागद उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. पुढे ताडून पाहिलं, तर एक अभ्यास सोडून आमची सगळी निवड सारखीच! मला नाचावंसं वाटलं. तो एक त्याने घेतला होता, मी नाही; त्यात पट्टा न बांधणाऱ्यांशी तुलनाच नव्हती. भरपूर भांडून त्याने तो सोडला.

मग हसत त्याने हातावर रुमाल टाकला. “बोल दुकानदार, किती चहा पाजू?”

मी रुमालाखाली त्याची दोन बोटं धरली आणि जरा जोरातच दाबली.