नदीच्या वाळूतला ईस्टर

आमच्या घरात भांडण लागलं की बहुतेक पाण्यावरून लागायचं. त्या वर्षीचं भांडण मात्र आईनं परगावी जाऊन लावलं, दौंडला माझ्या आत्याच्या घरी, नाताळच्या भर पंगतीत.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत फिटर, म्हणून तिला कॉलनीत क्वार्टर, क्वार्टरला नळ, आणि नळामुळे तिच्या बोलण्याला एक वेगळीच धार. आम्ही घोड नदीकाठचे, इनामगावच्या अलीकडच्या एका लहान खेड्यातले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते वस्तीतल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारची उपासनाही तेच चालवायचे. दर नाताळला आणि ईस्टरला आम्ही बैलगाडीनं दौंडला जायचो, तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसायचो, आत्याकडं जेवायचो आणि तिचे टोमणे पचवत परत यायचो. मला तर त्या मागच्या बाकांचा इतका राग यायचा की प्रार्थनेत डोळे मिटून मी पुढच्या बायकांच्या अंबाड्यांना नावं ठेवायचे.

तर त्या नाताळला दादा सहज म्हणून गेले, "एकदा तुम्ही मंडळी या की आमच्याकडं सणाला."

आत्या हसली. "यायला काय रं! पर एवढ्या मानसांना प्यायला पानी हाय का तुमच्यात? का आमीबी घागरी घिऊन आडावर वाट बघत बसायचं?"

टोमणा जिव्हारी लागला, कारण तो खरा होता. गावच्या आडात पोहरा सोडायची आमच्या वस्तीला मुभा नव्हती. आजोबांच्या काळात वस्ती ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, आडावरचा रिवाज तसाच राहिला. आमच्या बायकांनी घागरी लांब मांडून बसायचं, गावातल्या एखादीला दया आली तर तिनं वरून ओतायचं. असं वागवणं गुन्हा आहे म्हणून सरकारचा कायदाही आला होता म्हणे, पण तो आमच्या गावाच्या वेशीबाहेरच अडकला असावा. आणि आत्या त्याच वस्तीत जन्मली, त्याच आडापाशी बसून मोठी झाली, हे ती नळाखाली विसरली होती.

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "या वन्सं, औंदाच्या ईस्टरला. सगळ्यांना घिऊन या. पानी मी पाजते."

दादांचा घास हातातच राहिला. परतीच्या वाटेवर भीमा ओलांडल्यावर ते म्हणाले, "ईस्टर औंदा चैतात येतोय. नदीत तवा नुसती वाळू असती. काय म्हणून शब्द दिलास?"

"नदी वरनं कोरडी असती," आई म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून झोपून गेली.

तिच्या मनात झिरा होता. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात खड्डा खणला की वाळूखालचं पाणी हळूहळू झिरपून वर येतं, तो झिरा. कडेची वाळू सारखी ढासळते, म्हणून आत काहीतरी बसवावं लागतं. आईनं त्यासाठी घरातली धान्याची कणगी, निरगुडीच्या फोकांनी विणलेली, बुडाला कापून ठेवली. कणगी कापली तेव्हा आजी हयात असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता सांगणारं कुणी नव्हतं आणि आई ऐकणारीही नव्हती.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दादा आणि मी दौंडला आमंत्रण द्यायला गेलो. शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन तिथली मंडळी गात कॉलनीतून निघाली, मीही निघाले. उपासना संपल्यावर दादांनी पुढं जाऊन सगळ्यांना बोलावणं केलं, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, पाण्याची सोय?" दोघंतिघं हसले. दादा म्हणाले, "सोय झालीय." ती मुळीच झाली नव्हती. उभ्या आयुष्यात दादांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि मला त्यांचा अभिमानच वाटला.

घरी आलो तर आईनं जागा धरलेली. वस्तीच्या अगदी समोर, काठाला लागून, जिथं मांडव पडणार होता तिथंच. दौंडकरांना मांडवात बसल्या बसल्या झिरा दिसला पाहिजे, हा तिचा हट्ट. तिथं पाणी लागेल की नाही, याचा विचार तिनं त्या हट्टापुढं केलाच नाही. सोमवारपासून वस्तीतले बापये आणि बायका, ज्याला जसा वेळ होईल तसा, खणायला लागले. वाळू काढावी तेवढी परत आत यायची. बुधवारी खाली खडक लागला. तिथून जरा सरकून पुन्हा खणलं, तर गुरुवारी संध्याकाळी एक अख्खी कड कोसळली आणि कणगी कलंडून पडली. खड्ड्याच्या तळाशी चिखलाचं गढूळ पाणी तेवढं होतं.

आई खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. दादा म्हणाले, "आता शनिवारी बघू. उद्या उत्तम शुक्रवार. उद्या कुदळ हातात धरायची न्हाई."

शनिवारी संध्याकाळी तर पाहुणे येणार होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, आमच्याकडं कडक उपास असायचा, पाणीसुद्धा तीनपर्यंत नाही. बारा वाजता शाळेच्या खोलीत सारी वस्ती जमली. वधस्तंभावरून येशूनं काढलेल्या सात वचनांची उपासना सुरू झाली. दादा एकेक वचन वाचायचे, त्यावर बोलायचे, मग एक गीत. बाहेर ऊन रणरणत होतं आणि घशाला कोरड पडली होती. पाचवं वचन तहानेचं, 'मला तहान लागली आहे.' दादांनी ते वाचलं आणि पुस्तकातून मान वर केली.

आई उठली. कुणाकडं न बघता दाराशी गेली, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि उन्हात चालायला लागली.

दादा नियमाचे इतके पक्के की उपासनेत खोकणाऱ्यालाही डोळे वटारायचे. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. दादा दारातून तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं.

"उरलेली दोन वचनं नदीवर हुतील," ते म्हणाले. "खोरी, पाट्या घ्या."

सारी वस्ती पात्रात उतरली. आई काठ सोडून पार मधोमध, वरच्या अंगाला गेली होती. तिथं पहाटे कोल्ही पाण्यासाठी वाळू उकरून जायची, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मांडवापासून लांब पडतं म्हणून तिनं ती जागा टाळली होती. आता तिनं तिथंच कुदळ घातली. उपाशी पोटी, तापलेल्या वाळूत सगळे खणायला लागले. बापये खोऱ्यानं वाळू वर लोटायचे, आम्ही बायका पाट्या भरून लांब टाकायचो. दादांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः खड्ड्यात उतरले. सहावं वचन त्यांनी तिथूनच म्हटलं, धापा टाकत.

कमरेएवढं खणून झालं तेव्हा वाळूचा रंग बदलला. मग ती हाताला गार लागली. कणगी आत उतरवली, बाहेरून वाळू दाबली, आणि सगळे वाकून बघत राहिले. तळाशी एक डोळा उघडावा तसं पाणी चमकलं.

आई आत उतरली. उपास सुटला नव्हता, म्हणून तिनं ओंजळीत पाणी घेऊन नुसतं जिभेला लावलं. "गोड हाय," ती म्हणाली.

दादांनी शेवटचं वचन घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून म्हटलं. मी त्यांचा कोट तोंडाशी धरून रडले, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी रडत होत्या. इतका आनंदाचा उत्तम शुक्रवार मी पुन्हा पाहिला नाही.

शनिवारी दिवस कलताना दौंडची मंडळी एका ट्रकमधून पलीकडच्या तीरावर उतरली आणि वाळू तुडवत आली. सगळ्यांत मागं आत्या, एका हातात चपला, दुसऱ्या हातात दौंडच्या नळाच्या पाण्यानं भरलेली सुरई. "सलाम, वन्सं," आई आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाली आणि तांब्या पुढं केला. आत्यानं आपल्या सुरईकडं बघितलं, मग तांब्याकडं. तोंडाला लावला तो रिकामाच करून दिला. सुरईतल्या पाण्यानं नंतर तिनं पाय धुतले.

पहाटे वस्तीतून नदीकडं मिरवणूक निघाली. ढोलकी, झांजा, आणि ज्याला जसा लागेल तसा सूर. दौंडचे लोक पुस्तकात बघून गात होते, आमचे लोक आभाळाकडं बघून. उजाडताना दादा वाळूच्या उंचवट्यावर उभे राहिले आणि ओरडले, "प्रभू उठला आहे!" आणि आम्ही सगळ्यांनी मिळून असं उत्तर दिलं की पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. त्या पात्रात पुढचे बाक नव्हते आणि मागचेही नव्हते. आत्या वाळूत माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती.

मग चुली पेटल्या. भात, मटणाचं कालवण, गुळाचा शिरा. दौंडच्या बायकांनी पदर खोचले आणि पाणी वाहायला लागल्या. वापरावं तसं कणगीत पाणी भरत होतं. एका वेळी एकीनंच वाकून वाटीनं घ्यायचं, म्हणून बायकांची लांब रांग लागली होती.

तेवढ्यात गावाकडून पाटलीणबाई आल्या, मागं त्यांच्या दोन सुना, कडेवर रिकाम्या घागरी. गावची जत्रा तोंडावर आली होती, घरोघर पाहुणे उतरले होते, आणि आडाचा तळ दिसायला लागला होता. त्या आमच्या माणसांपासून जरा लांब थांबल्या. ढोलकी बंद पडली.

"मास्तरीणबाई, पानी लागलंय म्हनं," त्या म्हणाल्या.

माझं डोकं तापलं. बसवा त्यांना वाळूत, मांडायला लावा घागरी, दुपारपर्यंत बघू द्या वाट, असं मला ओरडून सांगायचं होतं. आईनं हातातली पळी खाली ठेवली, हात पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"व्हय, लागलंय की. नदीचं हाय, कुनीबी न्यावं," ती म्हणाली. "पर ह्या समद्या म्होरं हायेत. तुमी रांगंत या."

पाटलीणबाईंनी रांगेकडं बघितलं. आमच्या वस्तीच्या बायका, दौंडच्या बायका, शेवटाला आत्या आणि मी. क्षणभर वाटलं, त्या पाठ फिरवतील. मग त्यांनी कडेवरची घागर नीट केली, चार पावलं पुढं आल्या आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं सुना. आत्यानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

रांग सरकत गेली आणि माझी पाळी आली. मी वाकले, वाटी बुडवली आणि माझी घागर भरायला लागले. खरं सांगते, इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी पाणी भरलं नाही.