दारातला शॉट

अकरा वर्षं एकाच विनोदी मालिकेचं संकलन करून बाईंच्या अंगात एक खोड मुरली होती. समोर कुणी पोट धरून हसलं, तरी त्या मनात सेकंद मोजायच्या.

मालिकेतल्या आजोबांवर त्यांचा फार जीव. पडद्यावरही ते आजोबाच आणि स्टुडिओतही आजोबाच. खरं नाव कागदपत्रांपुरतं.

त्या आठवड्याचा एपिसोड तसा साधा होता. आजोबा रुसून घर सोडतात. कुणी अडवत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने समजूत काढली असेल. मग ते एकदा छत्रीसाठी परत येतात, एकदा कवळीसाठी, आणि तिसऱ्यांदा येतात तर दाराला कुलूप. सगळे त्यांनाच शोधायला गेलेले! लेखकाने वीण घट्ट घातली होती. पहिल्या परतीला हसू, दुसरीला त्याहून मोठं, तिसरीला घशात आवंढा. पण मदार सगळी एका क्षणावर. आजोबांनी दारात जरा घुटमळायचं आणि तोऱ्यात म्हणायचं, "छत्री राहिली."

बाई फुटेज पाहायला बसल्या. नऊ टेक, एकातही वाक्य धड नाही. सातव्यात तर आजोबा दारात उभे राहिले ते राहिलेच, हातातल्या बॅगेकडे बघत. ही कुणाची, आपण निघालोय कुठे, काही म्हणजे काही उमजत नव्हतं त्यांना.

हे निर्मात्याच्या नजरेला पडलं असतं, तर आजोबांना कायमची सुट्टी. बाईंनी तो टेक पुसूनच टाकला आणि कंबर कसली. इथे मालिकेतल्या सुनेचा चेहरा, तिथे पाठमोरे आजोबा. "छत्री" तिसऱ्या वर्षीच्या एका भागातून उचलली, "राहिली" पाचव्या टेकमधून. दोन दिवस मान मोडून बसल्या. एपिसोड असा जमला की निर्माता हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

मग डोळे पुसत तो म्हणाला, "ताई, खरं सांगा. यात आजोबा स्वतः किती बोललेत?"

बाईंनी समोरचा पडदा बंद केला.

"सेटवरून कळलंय मला. जुने आवाज लावलेत ना?"

"थोडेसे."

"मग झालं तर! अकरा वर्षांचा साठा पडलाय आपल्याकडे. पाठमोरा कुणीही उभा करू. त्यांना बिचाऱ्यांना कशाला दमवायचं?"

एपिसोड लागला त्या संध्याकाळी आजोबांचा फोन आला. आवाज अगदी ताळ्यावर.

"झकास जमलंय गं. पण मी दारात बराच वेळ उभा होतो, ते का काढलंस?"

"लांबत होतं, आजोबा."

"अगं, मी खरंच हरवलो होतो तिथे. तेच ठेवायचं होतंस. लोक हसता हसता थांबले असते, आणि मग ते कुलूप काळजाला लागलं असतं. आता नुसतेच हसतात."

बाईंना पटलं. पण आता ठेवायला तो टेक होता कुठे?

सोमवारी सकाळी आजोबांच्या घरून त्यांच्या खऱ्या सुनेने फोन केला. "ताई, बाबा सातपासून कपडे करून खिडकीशी बसलेत. स्टुडिओची गाडी निघाली का, विचारताहेत."

"आज नाही गाडी."

"मग उद्या?"

बाईंच्या तोंडून "हो" निघून गेलं.

फोन ठेवून त्यांनी हेडफोन चढवले. पुढच्या भागासाठी आजोबांचं एक "अगं, ऐकतेस का?" हवं होतं. चौथ्या वर्षीचं सापडलं. आवाज खणखणीत होता.