कोऱ्या कागदांचे नळकांडे

अण्णासाहेबांची नि माझी पहिली भेट अमडापूरच्या बाजारामागे, एका मोकळ्या जागेत झाली. हे नावाजलेले वास्तुविशारद धोतर खोचून भुईवर चुन्याची फक्की ओढीत होते! बांधण्याआधी ते अख्खे घर असे पुऱ्या मापात आखीत आणि घरच्या माणसांना त्यात फिरवीत. एक म्हातारी कडाडली, "चूल इथं काऊन? धूर माह्या खाटेवर येईन ना!" अण्णासाहेबांनी मुकाट्याने रेघ पुसली. मी मुंबईची परीक्षा देऊन आलेला शहाणा, फिदीफिदी हसलो. तरी त्यांनी मला नकाशे रेखाटायला चिखलीच्या कचेरीत ठेवून घेतले.

पुढे देशभरच्या वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना जानेफळच्या दवाखान्याचे नकाशे घेऊन दिल्लीस बोलावले. नकाशे पसंत पडले तरच सभासदत्व, आणि सभासदत्व नसेल तर दवाखान्याचे काम दुसऱ्याकडे जाणार होते. मलकापूर स्टेशनावर त्यांनी नकाशांचे पत्र्याचे नळकांडे माझ्याकडून मागून घेतले, ते दिल्लीपर्यंत सोडले नाही. मला खिडकीची जागा दिली. दिल्लीत उतरताच त्यांनी पिशवीभर चुना विकत घेतला. मी विचारले, "चुना कशाले?" ते म्हणाले, "असू दे."

संस्थेच्या सभागृहात मी नळकांडे उघडले. आत सगळे कोरे कागद! नकाशांचे नळकांडे चिखलीला राहिले होते. चूक सर्वस्वी माझी होती. समोर कोटबूटवाली मंडळी; मी घाईघाईने कागद परत आत कोंबले. अण्णासाहेब मात्र शांतपणे उठून म्हणाले, "आमच्या वऱ्हाडात इमारत आधी भुईवर दाखवतात. बाहेर यावे."

हिरवळीवर त्यांनी सबंध दवाखाना केवळ आठवणीतून आखला. मी थक्क होऊन पाहत राहिलो. अध्यक्ष स्वतः रोगी होऊन आत शिरले, बाळंतिणींच्या खोलीपाशी थांबले, आणि तिथले दार आडोशाला का घेतले हे त्यांचे त्यांनाच उमगले. सभासदत्व त्याच दिवशी मिळाले.

ही हकीकत सगळे अण्णासाहेबांची करामत म्हणून सांगतात. नळकांड्याची गोष्ट मी आजवर पोटात ठेवली, आणि त्यांनीही ती कधी काढली नाही. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायचे ठरल्यावर परवा त्यांच्यापुढे कबुली दिली, की निघताना भलतेच नळकांडे मीच उचलले होते. ते हसले.

"मले मलकापुरातच समजलं होतं. आपले नकाशे कापडावर चिकटवलेले, वजनदार. ते नळकांडं हातात हलकं लागलं."

"मंग बोलले काऊन नाही, अण्णासाहेब?"

"गाडी सुटून राह्यली होती. सांगून काय झालं असतं? तू पहिल्यांदा दिल्लीले चालला होता. रस्ताभर रडत बसला असता."

 त्या सबंध प्रवासात मी खिडकीतून मजेत गावे पाहत होतो, आणि माझी चूक मांडीवर घेऊन ते शेजारी बसले होते.

साठीनंतरची त्यांची वर्षे निरोगी आणि भरपूर असोत. फक्त यापुढच्या प्रवासात खिडकीची जागा त्यांनी घ्यावी, आणि नळकांडे मला धरू द्यावे.