आरोळी: कमळाबाई

फोन आला तेव्हा मी पालमला लेकीकडं वाती वळत बसले होते. पुतण्या म्हणाला, "मोठ्याई, आई गेली." दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही म्हणे. परभणीला गाडी बदलून पेडगावला येईपर्यंत, खरं सांगते, दुःखाच्याही आधी मनात एकच गोष्ट घुटमळत होती... ती विचारून विचारून थकली, पण तिची कॅसेट मी ऐकलीच नव्हती.

कमळ माझी धाकटी जाऊ. मधली एक भिंत सोडली तर आमचं सगळं एकत्र. गावात गाणारी म्हणून नाव माझं. बारसं असो, डोहाळजेवण असो, देवळातलं भजन असो, पहिलं बोलावणं मला. मी कुणापाशी शिकले नाही, रेडिओ आणि देवळातली पेटी ऐकून गळा तयार केला. कमळला आरतीतसुद्धा सूर लागत नसे. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज! पण ज्वारीची कणसं भरली की रानातल्या माळ्यावर उभी राहून ती पाखरं हाकायची, तेव्हा जी आरोळी ठोकायची... पोटातून निघून मध्येच फाटणारी... तीन रानांपलीकडली पाखरं उठत. शेजारी गोफणी फिरवून दमत, आमच्या रानाला गोफण कधी लागली नाही. मी म्हणायची, "कमळे, माणसासारखं वरड की गं." ती हसायची. "आक्का, पाखरं कुठं माणसं हायत?"

तिची नात ऋता परभणीला शेतकी शिकते. तिनं आणखी तिघांना धरून बँड काढला, नाव ठेवलं 'करपा'. मी म्हणाले, "अगं, तो पिकावरला रोग. गाण्याला असलं नाव?" कमळ म्हणाली, "ठिवू दे की, लेकराला आवडलंय." मागच्या उन्हाळ्यात ऋता आमचे आवाज टिपायला मशीन घेऊन आली. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, पेटी मांडली आणि तीन गवळणी म्हटल्या. कमळनं अंगणात उभं राहून एक आरोळी दिली आणि ती शेण काढायला गेली. पंधरा-वीस दिवसांनी ऋता सांगायला आली, आजीची आरोळी घेतली. "आणि माझं?" पोरगी खाली बघत म्हणाली, "मोठी आजी, तुझं लय गोड हाय. आमाला गोड न्हाई पायजे."

गोड आहे म्हणून मला आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं.

कार्यक्रम परभणीत एका मंगल कार्यालयात झाला, तोही भर दुपारी, कारण संध्याकाळी तिथं साखरपुडा होता. एकेक गाणं एवढंसं, पदर सावरेपर्यंत संपायचं. ड्रम थेट छातीवर आदळत होते. पोरं-पोरी एकमेकांच्या अंगावर धडकत, पडलेल्याला हात देऊन उठवत, पुन्हा धडकत. मला वाटलं भांडणच लागलं! मग ऋतानं आजीला वर बोलावलं. मी पिशवीत टाळ नेले होते... कुणी म्हणेल, तुमीबी या. कुणी म्हणालं नाही. कमळनं पदर खोचला, तोंडाशी हात धरले आणि सोडली आरोळी. मग जी पोरं उसळली... "कमळाज्जी, अजून एक! अजून एक!" परतीच्या एसटीत तिनं मला विचारलं, "आक्का, बरं झालं का गं माझं?" मी म्हणाले, "बरं काय व्हायचंय त्यात? नुसतं वरडायचं तर होतं." तिचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण झालं ते असंच.

कॅसेट त्यांनी स्वतःच काढली, कंपनी नाही की दुकान नाही. ऋताच्या खोलीत एका टेपवरून दुसऱ्या टेपवर एकेक भरली. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या कापून तिला कव्हर शिवलं, वर लाकडी ठशानं ज्वारीचं कणीस उठवलं. आत त्या चौघांची नावं आणि खाली पाचवं, 'आरोळी: कमळाबाई'. पहिली कॅसेट कमळनं मला आणून दिली. दर चार दिवसांनी विचारायची, "ऐकली का आक्का?" मी सांगायची, टेप बिघडलाय. आणि रोज सकाळी त्याच टेपवर भजनं लावायची! मध्ये एक भिंत. तिला सगळं ऐकू जात होतं. हळूहळू ती विचारायची थांबली.

यंदा कणसं भरली आणि राखणीला माणूस मिळेना, तेव्हा मीच माळ्यावर चढले. आरोळी द्यायला तोंड उघडलं, तर गळा आपोआप सुरात गेला. पाखरं निवांत दाणे टिपत राहिली, जशी काही भजनालाच आलीत. मी खाली उतरले. घरी जाऊन टेप आणला, सेल घातले, ती कॅसेट लावून माळ्यावर ठेवली आणि आवाज होता तेवढा सोडला. आधी ते ड्रम धडधडले. पाखरं जराशी हलली, परत बसली. मग ड्रम थांबले आणि कमळ आली...

सगळं रान एकदम वर उठलं.

"ऐकली गं बाई," मी म्हणाले. जीव जळला मेला, तेव्हाही जळलाच. जन्मभर गायले, पण माझ्या गाण्यानं एवढं कुणी कधी उठलं नाही. आता रोज सकाळी भजनं लावायची सोडून टेप घेऊन रानात जाते. आमच्या रानाला यंदाही गोफण लागलेली नाही.