ताराबायचा धवला आणि माझ्या दोन बायका

म्हातारपणी मी नाचगाण्याच्या धंद्यात शिरलो, तो बायकोचं गाणं वाचवायला गेलो म्हणून.

माझी बायको ताराबाय धवलारीण. म्हणजे आमच्या कळव्याकडच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचे धवले गाणारी बाई. पूर्वी भटजीला उशीर झाला तरी चालायचं, पण धवलारीण आल्याशिवाय नवऱ्याला हळद लागायची नाही. लोक तिला मानाने न्यायला यायचे, आणि मागून मी, पानाचा डबा घेऊन. (शाळा मी चौथीत सोडली, पण ऐट बघाल तर माझीच जास्त!)

आता हळदीला डीजे. ताराबायला कित्येक वर्षांत कुणी बोलावलेलं नाही. म्हणून नातवाचं, भूषणचं, लग्न ठरलं तसा मी अडून बसलो. "धवला होणार नसंल तर मी मांडवात पाय ठेवणार नाय!"

"बरं बाबा, आजीला पाच मिनिटं देतो," भूषण म्हणाला. जसा काय उपकार!

ताराबाय पाच मिनिटांवरही खूश. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, घसा नीट राहावा म्हणून चहा सोडून गरम पाणी प्यायला लागली.

हळदीला डीजे थांबला. ताराबाय भूषणच्या पाटासमोर बसली, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. इतक्या वर्षांनी तो आवाज! माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला, "आजी, कट! लाइट नाय आला. परत पहिल्यापासून घ्या!"

आता आमच्यात एका नवऱ्याला हळदीचा धवला एकदाच गातात. परत उचलला म्हणजे त्याचं दुसरं लग्न मांडलं. हे त्या गाढवाला कोण सांगणार? ताराबाय ओठ मिटून बसली. मी उठलो आणि डीजेवाल्याच्या हातातला माईक हिसकावला.

"अरे, धवला हाय हा, तुमचा सिनेमा नाय! परत गायला लावता? माझ्या नातवाला काय दोन बायका करायच्यात? दोन बायका?"

मांडव चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो! पण डीजेवाल्याने (काय एकेकाचं डोकं असतं!) माझा आवाज मशीनमध्ये पकडला होता. त्याने त्याच्याखाली ढोल लावला. "दोन बायका! दोन बायका!" अख्खा मांडव नाचायला लागला. माझी सख्खी बहीणसुद्धा, पिवळीधम्मक, कमरेवर हात ठेवून!

भूषणच्या मित्रांनी ते मोबाईलवर चढवलं. हळद वाळायच्या आत खडवलीहून नवरीच्या बापाचा फोन. "व्याही, दुसरी बायको कुठली? आमाला आधी सांगायचं ना!" त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. ताराबायचा घसा तसाच राहिला. तिची पाच मिनिटं संपलेली.

लग्न पार पडलं, व्हिडिओ मात्र ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत फिरला. मी तो परत परत लावून ताराबायची ओळ शोधली. कापलेली! ती फक्त पदरापुरती दिसते, माझ्या ढोपरामागे. बाजारात गेलो तर मासळीवाली म्हणते, "आजोबा, बायका दोन ना? मग कोलंबीचे वाटेपण दोन घ्या!"

परवा दिव्याहून एक गृहस्थ हळदीचं आमंत्रण घेऊन आले. माझी छाती फुगली. "ताराबाय, लुगडं काढ गं!"

"आजी नकोत हो," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही या. स्टेजवर तेवढं दोन बायकांचं बोला. सातला गाडी पाठवतो."

ताराबाय दारातच उभी होती. तशीच आत गेली.

मी भडकलो. "मी काय माकड हाय? जिचं गाणं बुडवलंत, तिच्याच दारात येऊन..."

"वा आजोबा! हेपण स्टेजवर बोला!"

त्याला हाकलला. पार गल्लीच्या तोंडापर्यंत.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मी दाढी करून, धुवट सदरा घालून ओट्यावर बसलेलो.

"अवो, कुणाची वाट बघताय?" ताराबायने विचारलं.

"कुणाची नाय. वारा खातोय."

"वारा खायला अत्तर लागतं होय?" एवढं म्हणून तिने दार लावून घेतलं.

गाडी आली. मी ड्रायव्हरला ठणकावून सांगितलं, येणार नाय म्हणजे नाय! मागच्या सीटवरून.