रोमच्या देवी आणि आमच्या सासूबाई

माझ्या मुलीनं सातवीत लॅटिन घेतलं तेव्हा मी चांगलीच वैतागले होते. इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी मुलांनी स्पॅनिश घेतलं होतं, दोघातिघांनी चायनीज. ही बया मात्र जगात कोणी बोलत नाही ती भाषा शिकायला निघाली. "संस्कृत शिक म्हटलं की नाक मुरडतेस, आणि हे बरं चालतं!" असं मी तिला सुनावलं. तिनं खांदे उडवले. "मॉम, फ्रायडेला फ्री पिझ्झा असतो." पिझ्झापुढे माझं काय चालणार?

त्याच जानेवारीत सासूबाई नागपूरहून आल्या. आल्या त्या माझ्यासाठी. मला पाचवा महिना लागला होता, आणि आधीचं बाळ दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. मी कुशीवर वळून, लॅपटॉप उशीला टेकवून ऑफिसचं टेस्टिंग करायचे आणि दिवस मोजायचे. हे बाळ घरी येणार की नाही, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. घरात हा विषय कोणी काढायचं नाही, त्यामुळे सगळेच कसे दबकत बोलायचे.

आजी-नातीचं बोलणं म्हणजे आणखी एक पंचाईत. नातीचं मराठी जेवणाच्या ताटापुरतं, आजीचं इंग्रजी थँक्यूपुरतं. पहिला महिना दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. मग शाळेत रोमन देवींचा प्रोजेक्ट सुरू झाला. पोरीनं चाळीसेक कार्डं केली, एका बाजूला देवीचं चित्र, दुसऱ्या बाजूला तिचं काम. आणि ही कार्डं मांडायची जागा माझा पलंग, कारण घरात जागचं न हलणारं माणूस मी एकटीच.

"आजी, ही व्हेस्टा. घरातली फायर असते ना, तिची गॉडेस. हिच्या टेंपलमध्ये मूर्तीच नाही. ओन्ली फायर."

सासूबाईंना हे फार पटलं. "बरोबरच आहे. जाळालाच नमस्कार करायचा, मूर्ती कशाला पाहिजे?" मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथे काचेची सपाट विजेची शेगडी होती. "म्हणूनच मला तुमच्या घरी स्वयंपाक करून समाधान नाही वाटत. जाळच नाही, तर ती बिचारी राहील कुठे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं. ते तापून काचेला असं चिकटलं की माझा नवरा रविवारी ब्लेडनं खरवडत बसला होता.

सासूबाईंचे प्रश्न ठरलेले असायचे. हिचा वार कोणता? हिला नैवेद्य कशाचा? ही कोणाच्या नवसाला पावते? पोरीला उत्तरं शोधावीच लागायची, आणि शोधलेलं मराठीत सांगावं लागायचं. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षांत जे झालं नव्हतं ते चार आठवड्यांत झालं. धान्याची सेरेस, फळबागांची पोमोना, धान्य भाजायच्या भट्टीची फोरनॅक्स. दाराच्या बिजागरीची कार्डीया आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ, बिजागरीचीही कोणाला तरी काळजी आहे." आणि सांडपाण्याच्या गटाराची क्लोआकिना आली तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगंबाई! मोरीचीही देवी?" त्याच आठवड्यात आमचं सिंक तुंबलं. "तुझ्या त्या मोरीवालीला एक नारळ कबूल कर," असं त्यांनी नातीला सांगितलं. संध्याकाळी पाणी गेलं. नवऱ्यानं तासभर केलेली खटपट दोघींनीही हिशेबात धरली नाही.

मी पडल्यापडल्या हे सगळं ऐकायचे. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा.

एक दिवस बाळांच्या देवी निघाल्या. पाळण्याची कुनीना. पहिला घोट पाजणारी पोटिना. जमिनीवरून तान्ह्याला उचलायला लावणारी लेवाना. सासूबाई सरसावून बसल्या. "आपल्याकडे सगळं एकट्या सटवाईवर. ती बिचारी येते आणि कपाळावर लिहून जाते. यांनी तर एकेका कामाला एकेक बाई ठेवली." पाळण्याचं चित्र माझ्या पायापाशी पडलं होतं. मला एकदम ते सहन होईना. "उचला ते सगळं! दुसऱ्या खोलीत जाऊन काय करायचं ते करा," मी ओरडले. माझा स्वभाव असाच आहे, आधी तोंड सुटतं आणि मग मी. दोघींनी कार्डं गोळा केली.

भिंतीपलीकडून पुढचं ऐकू आलंच. ज्युनो ल्युसिना, बाळाला उजेडात आणणारी. तिला हाक मारायची तर अंगावर एकही गाठ ठेवायची नाही. केस मोकळे, कपड्यांचे बंद मोकळे. गाठ राहिली की बाळ अडतं.

"आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्याही हेच सांगत," सासूबाईंचा आवाज आला. "बाळंतीण अडली की घरातल्या पेट्यांची कुलपंसुद्धा काढून ठेवायच्या."

त्याच सुमाराला सासूबाईंनी माहूरच्या देवीला नवस बोलला. आमचं देवघर म्हणजे टॉवेल ठेवायच्या कपाटातला मधला कप्पा. तिथे त्यांनी लाल खणाच्या तुकड्यात एक सुपारी आणि एक हळकुंड घातलं, घट्ट गाठ मारली आणि ती पुरचुंडी देवापुढे ठेवली. "बाळ घरी आलं की ही गाठ सोडीन आणि तुझी ओटी भरीन. तोवर नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी देवाधर्माचं फारसं करणारी नव्हे. पण रोज आंघोळीला जाताना ते कपाट उघडून पुरचुंडी जागेवर आहे ना, एवढं बघायचे. याबद्दल मी नवऱ्यालाही बोलले नाही.

एप्रिलमध्ये कॅरीत पाइनचे पराग पडतात. गाड्या, पायऱ्या, बाकं, सगळं पिवळंधमक होतं. अशाच एका दुपारी, मुलगी शाळेतून येऊन खात बसली होती, तेव्हा माझं पाणी गेलं. एकतिसावा आठवडा. नवरा वायपरनं काचेवरची पिवळी भुकटी बाजूला सारत गाडी हाकत होता, आणि मी डोळे मिटून नुसती "नको, नको" म्हणत होते. मागे घरात सासूबाई आणि मुलगी राहिल्या.

मुलगा उन्हं उतरायच्या आत झाला. मला त्याचा एक पाय तेवढा दिसला, माझ्या अंगठ्याएवढा. मग त्याला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. त्याला नाही. तो काचेच्या पेटीत, नळ्यांमध्ये. रिकाम्या हातांनी दारातून आत येणं मी आधी एकदा केलं होतं, तेच पुन्हा करत होते. चपला काढल्या आणि तडक कपाटापाशी गेले.

खणाचा तुकडा उलगडून पडला होता. सुपारी एकीकडे, हळकुंड एकीकडे.

"आई, ही गाठ कोणी सोडली?"

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मुलगी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी होती. सासूबाईंनी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीच सोडली. हात लागला माझा."

"हात लागून गाठ सुटते? स्वतःच बांधायची आणि स्वतःच सोडायची! तुम्हाला माझं बाळ घरी यायला नकोय का?"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडून आलं ते जसंच्या तसं लिहितेय, कारण इतकी वर्षं मी ते जरा सौम्य करून सांगत आले. सासूबाईंचा चेहरा एकदम लहान झाला. "पुन्हा बांधते," एवढंच त्या म्हणाल्या. बांधलीही. त्या दिवसापासून एकच वेळ जेवायला लागल्या, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही की का.

बाळ सव्विसाव्या दिवशी घरी आलं. धडधाकट. गाठ सोडली, देवीच्या नावानं ओटीचं सामान बाजूला काढलं. माझ्या मनातली अढी मात्र तशीच राहिली. जुलैत त्या परत निघाल्या तेव्हा विमानतळावर मी वाकून नमस्कार केला आणि त्यांनी पाठीवरून हात फिरवला. पुढे फोनवर "बाळ काय करून राहिला?" "बरा आहे," असं चालायचं, आणि मग मी फोन नवऱ्याकडे द्यायचे.

मुलगा अंगणभर पळायला लागला तशी मी ती गोष्ट रंगवून सांगायला लागले. घरोघरचे डबे आणून केलेलं पॉटलक असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो. "आमच्या सासूबाईंची तऱ्हा ऐका. नवस बोलल्या त्याच, आणि पोर अजून पेटीत असताना गाठ सोडून मोकळ्या झाल्या त्याही!" बायका पोट धरून हसायच्या. कोणीतरी आपल्या सासूची गोष्ट काढायचं. मुलगी तेवढ्यात उठून दुसऱ्या खोलीत जायची. मला वाटायचं, मराठी गप्पांना कंटाळली.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. नवरा एकटाच नागपूरला जाऊ शकला. मी इथे मुलांपाशी राहिले, आणि रडले ते खरंच रडले, तरी आत कुठेतरी ती गाठ होतीच.

या ऑगस्टमध्ये मुलीला कॉलेजात सोडायला मी एकटीच निघाले. धाकट्याला ताप होता म्हणून नवरा घरी राहिला. कॉलेज चार तासांवर, डोंगरांकडे. मागच्या सीटवर छोटा फ्रिज, उशा, लोणच्याची बरणी. मी गप्पांच्या ओघात म्हटलं, "तिकडे मराठी कोणी भेटलं तर सांग हो तुझ्या आजीची ती नवसाची गोष्ट, लगेच मैत्री होईल."

ती खिडकीबाहेर बघत होती. "आई, प्लीज ती स्टोरी सांगणं बंद कर. आजीनं नाही सोडली गाठ. मी सोडली."

मला आधी काही उमगलंच नाही.

"तुम्ही हॉस्पिटलला गेलात ना, तेव्हा. ल्युसिनासाठी. मी माझी वेणी सोडली, शूलेसेस काढल्या, तुझ्या रोबचा बेल्ट, विंडोच्या ब्लाइंड्सच्या दोऱ्या, सगळं. आणि मग मला वाटलं की ती रेड वाली गाठ सगळ्यात टाइट आहे, तीच त्याला अडवतेय." तिनं मागची एक उशी ओढून मांडीवर घेतली. "मग आजी आली आणि तिनं बघितलं. आय थॉट आय किल्ड हिम, आई."

पुढच्या एक्झिटला मी गाडी बाहेर काढली आणि एका गॅस स्टेशनवर, पेट्रोलपंपाशी लावली. तिथेच तिनं उरलेलं सांगितलं. आजी रागावली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, तुझी ती देवी काय म्हणते ते नीट सांग. हिनं रडत रडत, मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. मग आजीनं स्वतःचा अंबाडा सोडला. मी त्यांना कधीच मोकळ्या केसांनी बघितलं नव्हतं. "तुझी देवी सोड म्हणते, माझी बांध म्हणते," त्या म्हणाल्या. "दोघी बायाच आहेत, आपसात बघून घेतील. राहू दे गाठ तशीच, तू इकडे ये." आजी-नात तशाच केस सोडून बसल्या होत्या, तोवर फोन आला, मुलगा झाला म्हणून.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तिनं प्रॉमिस घेतलं. ती म्हणाली, तुझी आई आता फार घाबरली आहे, ती काहीही बोलेल. मला बोलली तर चालते. तुला बोलली तर तुझ्या जन्मभर लक्षात राहील." तिनं बाहीनं नाक पुसलं. "आणि तू बोललीस, आई. तू जे बोललीस ते मी ऐकलं. ते माझ्यासाठी होतं."

मी तिला जवळ घेतलं. मधे गिअर, सीटबेल्ट, काही नीट जमेना. तेरा वर्षांच्या मुलीला मी ते वाक्य म्हटलं असतं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, नक्की म्हटलं असतं. तीन महिन्यांच्या सहवासात सासूबाईंनाही तो ठाऊक झाला होता, आणि त्या मधे येऊन उभ्या राहिल्या. त्याबद्दल मी त्यांना चार वर्षं चारचौघींत हसत आले.

मुलीला सोडलं, फ्रिज लावून दिला, आणि एकटी परत निघाले. गाडी हायवेला लागली. तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्या असताना एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायला काहीच लागत नाही, क्षणभराचं काम. मग घर येईपर्यंत मी तेच म्हणत राहिले.