पलंगामागची भिंत

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावात मी तेहतीस वर्षं जमिनीखाली राहिलो आणि जवळजवळ तेवढीच वर्षं ओपल नावाचं रत्न शोधलं. इथे एखादा माणूस ओपलवर घर बांधतो, एखादा त्यावर गाडी घेतो. मी त्यावर फक्त बोललो. माझी बायको स्तामाता पाहुण्यांना सांगायची, "पांडेलिसला खडा अगदी सापडणारच आहे. लग्न झाल्यापासून सापडणार आहे."

यंदा तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. मुलगी पोर्ट ऑगस्टात असते, म्हणून आम्हीही तिकडे जायचं ठरवलं. घर हॅलोरन नावाच्या अ‍ॅडलेडच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतलं. शुक्रवारी कागद हातात द्यायचे होते, गुरुवारी ट्रक येणार होता.

सामान बांधायला घेतलं तेव्हा कळलं, की आमच्याकडे सामानच नाही. आमची घरं टेकडीच्या पोटात कोरलेली. ताटल्यांना जागा हवी, कोरली भिंत. चपलांना हवी, कोरली. पलंग म्हणजे खडकाचा ओटा आणि त्यावर गादी. ते सगळं टेकडीतच राहणार. उरलं काय, तर एक फ्रीज आणि पंधरा-सोळा खोकी.

तरी माझ्या वाट्याची खोकी भरेनात. कप गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं घेतली, की मी ती वाचत बसायचो. वीस वर्षांपूर्वीच्या फुटबॉलच्या मॅचमध्ये कोण जिंकलं, याची मला एकदम काळजी वाटायला लागली. स्तामाताची नऊ खोकी झाली तेव्हा माझी दोन झाली होती. त्यातल्या एकावर मी 'महत्त्वाचं' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'इतर'. पुढे सगळ्यांवर 'इतर'च लिहीत गेलो.

मंगळवारी दुपारी स्तामाता शेजारच्या ल्युबाकडे तिची भांडी परत करायला गेली. ल्युबा सर्बियन, विधवा, आमच्याइतकीच जुनी. मी पलंगावर उभा राहून संत निकोलसची तसबीर काढत होतो. खिळा हलेना. जोर लावला, तर खिळ्याबरोबर ताटाएवढा खडक निघून गादीवर पडला. आणि मागे भिंतीत एक चमकती रेघ.

तसबीर मी खाली ठेवली. कुठे, ते आठवत नाही.

गावाच्या हद्दीत खाण काढायला बंदी आहे. खोली वाढवायला नाही. म्हणून आमच्या गावात दोघांच्या संसाराला अकरा खोल्या लागतात. मी मनाशी म्हटलं, शुक्रवारपर्यंत घर माझं आहे, मला एक कोनाडा वाढवायचाय, कोणाच्या बापाचं काय जातं? फक्त कुदळ कुठल्या खोक्यात आहे ते कळेना. सगळीकडे 'इतर'. चार खोकी फाडली. कुदळ सापडली ती लग्नातल्या टेबलक्लॉथमध्ये. इतकी जपून मी दुसरी एकही वस्तू गुंडाळली नव्हती.

मग मी खणत सुटलो. पासष्ट वर्षांचा माणूस, पाठीचा पट्टा लावून. रेघ आत जात होती आणि मी तिच्या मागे. लाल धूळ फाडलेल्या खोक्यांत, कपांत, स्तामाताच्या उशीत बसत होती. मी मनातल्या मनात मुलीला घर घेऊन दिलं, ल्युबाला नवा फ्रीज दिला, हॅलोरन मास्तरांना घर परत मागायला गेलो आणि त्यांनी नाही म्हटल्यावर त्यांच्याशी भांडलोसुद्धा.

आमच्या आणि ल्युबाच्या घरामधली ही भिंत दोन मीटर जाड असल्याचा माझा हिशेब होता. पण जशी मी इकडून फडताळं कोरली, तशी ल्युबानेही तिकडून कोरली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुदळ एकदम सैल गेली. पलीकडे काहीतरी फुटलं. भोकातून पाहिलं, तर लोणच्याच्या बरण्या, त्यांच्यामागे टेबल, आणि टेबलापाशी कॉफी पीत बसलेल्या दोन बायका.

"पांडेलिस," ल्युबा म्हणाली, "माझा दरवाजा पुढच्या बाजूला आहे."

"कुदळ बांधली होतीस ना?" स्तामाताने विचारलं.

"ओपल आहे!" मी ओरडलो आणि हातातला तुकडा भोकातून पुढे केला.

ल्युबाने तो चाटून ओला केला, दिव्याखाली फिरवला. तिचा नवरा नावाजलेला खाणवाला होता, तिची नजर पक्की. "पॉच," ती म्हणाली. म्हणजे तोच दगड, पण रंगाशिवाय. लोक तो अंगणातल्या वाटेवर टाकतात.

स्तामाता घरी आली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. ती एका 'इतर'वर बसली, धुळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? तुला कधी असं वाटलं का रे, की आज नाही मिळणार?"

"नाही. कधीच नाही."

"मला रोज वाटायचं," ती म्हणाली. "तरी डबा भरून देतच होते ना?"

मी झाडू आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅलोरन मास्तर पडद्यांची मापं घ्यायला आले. मी भोकावर चादर टांगून ठेवली होती आणि तिच्यापुढे अंग चोरून उभा होतो. तेवढ्यात चादर बोलली, "स्तामाता, साखर आहे का गं जरा?"

मास्तर दचकून मागे सरले. मी म्हणायला लागलो, "जुन्या घरांत आवाज जरा घुमतो..."

"आवाज नाही घुमत, याचं डोकं घुमतं," स्तामाता म्हणाली आणि तिने चादर ओढून सगळं सांगून टाकलं. भिंत आजच बुजवून देतो, असंही माझ्या वतीने कबूल केलं.

चष्मा कपाळावर चढवून मास्तरांनी भिंतीतली रेघ बोटाने चाचपली. "आणि समजा," त्यांनी हळूच विचारलं, "ही इथून डावीकडे वळत असेल तर?"

ती नजर मी रोज दाढी करताना आरशात पाहतो.

"याची कुदळ घेऊन जा," स्तामाता त्यांना म्हणाली. "आम्हाला न्यायची नाही."

मी दिवसभर दगड आणि सिमेंट भरून भोक बुजवलं. ल्युबाने पलीकडून देखरेख केली आणि दोनदा सगळं काढून पुन्हा भरायला लावलं. फुटलेल्या बरणीच्या काचा तिने स्वतःच गोळा केल्या, त्यामुळे मला फारच लाज वाटली. गुरुवारी ट्रक भरला. ट्रकवाल्याने विचारलं, "यातली काचेची खोकी कुठली?" मी म्हटलं, "इतर."

पोर्ट ऑगस्टात भिंती पातळ आहेत, कोरता येत नाहीत. पहिला महिनाभर आमच्या ताटल्या जमिनीवर होत्या. परवा ल्युबाचा फोन आला. डोळे कसे आहेत, वगैरे विचारून झालं. मग म्हणाली, हॅलोरन मास्तर एकटेच राहतात, पण त्यांना आणखी एक बेडरूम हवी झाली आहे.

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

स्तामाताने माझ्या हातातून फोन काढून घेतला.